झोपेची गोळी आणि नैराश्याची मोजपट्टी

नैराश्याचा विकार जडलेल्या माणसाची डॉक्टरांकडे नेलेली पहिली तक्रार पुष्कळदा मनाची नसतेच. ती झोपेची असते. रात्री बारा-एकपर्यंत डोळा लागत नाही, लागला तर पहाटे तीनला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत नको ते विचार. घरची माणसे म्हणतात, ‘याला एकदा शांत झोप लागली ना, की सगळे ठीक होईल.’ डॉक्टरही बरेचदा नैराश्याच्या औषधाबरोबर झोपेची एक गोळी लिहून देतात. झोपेच्या गोळीने झोप येते, यात वाद नाही. आमचा प्रश्न पुढचा आहे. त्या झोपेमुळे नैराश्य हटते का? तसे हटते, असा दावा गेल्या वीस वर्षांत वेगवेगळ्या रूपांत मांडला गेला आहे. तो ज्या पुराव्यावर उभा आहे तो पुरावा येथे तपासायचा आहे.

ही समजूत खुळी नाही, हे आधीच सांगायला हवे. १९८९ साली अमेरिकेत फोर्ड आणि कॅमेरॉ या संशोधकांनी सुमारे आठ हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या मुलाखती वर्षाच्या अंतराने दोनदा घेतल्या होत्या. दोन्ही वेळा निद्रानाशाची तक्रार करणाऱ्यांत नव्याने नैराश्य जडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा फार अधिक आढळले. पुढे इतरत्र झालेल्या अशा अनेक पाहण्या २०११ साली एकत्र करून पाहिल्या, तेव्हा निद्रानाश असलेल्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला. तेव्हा निद्रानाश आधी येतो आणि नैराश्य मागून येते, हे खरे. पण आधी येणारी गोष्ट कारण असतेच असे नाही. पावसाआधी मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढताना दिसतात, असे आपण म्हणतो. मुंग्यांना अडवल्याने पाऊस काही थांबत नाही. निद्रानाश हे नैराश्याचे कारण असेल, त्याची पहिली चाहूल असेल किंवा दोन्हींच्या मुळाशी तिसरेच काही असेल. यांतले खरे कोणते, हे पाहण्यांतून ठरत नाही. त्यासाठी प्रयोग करावा लागतो.

असा एक मोठा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. मॉरिझिओ फावा आणि त्यांचे सहकारी यांनी नैराश्य आणि निद्रानाश दोन्ही असलेले ५४५ रुग्ण घेतले. सर्वांना फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध सुरू केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला रात्री एस्झोपिक्लोन या झोपेच्या औषधाची ३ मिलिग्रॅमची गोळी आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. आठ आठवड्यांनी पाहिले तर झोप सुधारली होतीच, पण नैराश्यही एस्झोपिक्लोनच्या गटात अधिक उतरले होते. नैराश्याचे गुण निम्म्यावर किंवा त्याखाली आलेले रुग्ण या गटात ५९ टक्के होते, प्लासिबोच्या गटात ४८ टक्के. ज्यांना जवळजवळ बरे झाले म्हणता येईल असे रुग्ण ४२ टक्के आणि ३३ टक्के.

हे आकडे लहान नाहीत. ११ टक्क्यांचा फरक म्हणजे नऊ जणांना ती जादा गोळी दिली तर त्यांतला एक माणूस असा सुधारला, जो एरवी इतका सुधारला नसता. मनोविकारांच्या औषधांत हा हिशेब चांगलाच म्हणतात. या निबंधानंतर ‘झोपेवर उपचार करा, नैराश्य लवकर हटेल’ हे वाक्य व्याख्यानांतून आणि औषधांच्या माहितीपत्रकांतून फिरू लागले, तर नवल नाही.

पण ‘नैराश्याचे गुण’ म्हणजे काय? शिक्षकांना हा प्रश्न सहज सुचावा, कारण गुण कसे दिले जातात यावर निकाल किती अवलंबून असतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार!

नैराश्य मोजायला थर्मामीटर नाही. रक्ताची तपासणी नाही. त्यासाठी एक प्रश्नसूची वापरतात. त्यांतली सर्वांत रुळलेली सूची मॅक्स हॅमिल्टन या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९६० साली तयार केली. तीत सतरा बाबी आहेत: उदास वाटणे, अपराधी वाटणे, जगणे नकोसे होणे, कामात लक्ष नसणे, अस्वस्थता, थकवा, भूक, वजन वगैरे. काही बाबींना ० ते ४ गुण, काहींना ० ते २. एकूण गुण ५२, आणि जितके गुण जास्त तितके नैराश्य तीव्र. ७ किंवा त्याहून कमी गुण झाले म्हणजे माणूस नैराश्यातून बाहेर आला असे धरतात. आता या सतरा बाबींपैकी तीन बाबी निव्वळ झोपेच्या आहेत. झोप लागायला उशीर होणे, मध्यरात्री जाग येणे, पहाटे फार लवकर जाग येणे. प्रत्येकीला २ गुण, म्हणजे एकूण ६.

५२ पैकी ६ म्हणजे फार नाहीत, असे वाटेल. पण एक उदाहरण करून पाहू. एका रुग्णाचे सुरुवातीचे गुण २२ आहेत. फ्लुओक्सेटीनने ते १४ वर आले. निम्मे म्हणजे ११. तेव्हा हा रुग्ण ‘सुधारला नाही’ या रकान्यात जाईल. पण या १४ पैकी ४ गुण झोपेचे आहेत असे धरा. झोपेच्या गोळीने ते चारही गेले. उरले १०. रुग्ण ‘सुधारला’! त्याची उदासी तेवढीच आहे, अपराधीपणा तेवढाच आहे, कामात मन तितकेच लागत नाही. दुसऱ्या रुग्णाचे गुण १० वर आले आहेत आणि त्यांत झोपेचे ४ आहेत. गोळीनंतर उरले ६. हा तर ‘बरा’ झाला. ज्या पेपरात हस्ताक्षराला वेगळे गुण आहेत त्या पेपराआधी मुलांकडून फक्त हस्ताक्षर गिरवून घेतले, तर वर्गाचा निकाल वाढेल. त्यावरून वर्गाला इतिहास अधिक समजला असे म्हणता येणार नाही.

फावा यांना हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी झोपेचे गुण वजा करूनही हिशेब केला आणि तरीही दोन गटांत फरक उरला, असे त्यांनी नोंदवले आहे. या निबंधावर टीका करणारे पुष्कळदा हे वाक्य न वाचता टीका करतात, म्हणून मुद्दाम सांगितले. तरी दोन शंका राहतात.

पहिली अशी की, झोप त्या तीन बाबींतच कोंडलेली नाही. जो रात्रभर झोपला त्याचा थकवा कमी होणार, चिडचिड कमी होणार, कामात तो थोडा अधिक तग धरणार. या सर्वांना सूचीत वेगळे गुण आहेत. हे सारे नैराश्य उतरल्याने झाले की नुसते झोप झाल्याने, हे तीन बाबी वगळून कळत नाही.

दुसरी शंका आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. एस्झोपिक्लोनची एक ओळख म्हणजे तोंडाला येणारी कडवट, धातूसारखी चव. ही चव औषधाच्या परिणामांत ठळकपणे नोंदलेली आहे. सकाळी उठल्यावर तोंड कडू झालेल्या रुग्णाला आपल्याला खरी गोळी मिळाली आहे हे ओळखायला कितीसा वेळ लागेल? आणि ‘मला खरे औषध मिळते आहे’ ही जाणीव नैराश्यात केवढे काम करते, हे प्लासिबोच्या गटातल्या ४८ टक्क्यांवरून दिसतेच. (त्या गटालाही फ्लुओक्सेटीन चालू होते, हे खरे, पण त्या ४८ मध्ये आशेचा वाटा नाही असे कोणी मनोविकारतज्ज्ञ म्हणणार नाही.) चवीमुळेच फरक पडला असे आम्ही म्हणत नाही. एवढेच की, या प्रयोगातून ती शक्यता बाद होत नाही.

ती बाद करायची तर ज्याची अशी कडू खूण नाही असे दुसरे झोपेचे औषध घेऊन तोच प्रयोग करायला हवा. सुदैवाने तसा प्रयोग झाला आहे, आणि तोही फावा यांच्याच नेतृत्वाखाली. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. ३८५ रुग्ण, सर्वांना एस्सिटालोप्राम आणि त्यासोबत झोल्पिडेमची सावकाश विरघळणारी गोळी किंवा प्लासिबो. झोप सुधारली, अगदी स्पष्टपणे सुधारली. नैराश्याच्या गुणांत मात्र दोन गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

हा दुसरा निबंध पहिल्याइतका ऐकू येत नाही. ‘गोळीने फरक पडला नाही’ ही बातमी कोण छापणार? पहिल्या प्रयोगाचा खर्च एस्झोपिक्लोन बनवणाऱ्या कंपनीने केला होता, म्हणून तो अविश्वसनीय, असा सोपा निकाल काही जण देतात. आम्हांला तो पटत नाही. कंपनीच्या पैशाने झालेल्या प्रयोगातही खरे उत्तर येऊ शकते आणि सरकारी पैशाने झालेल्यातही चुकीचे. पैसा कोणाचा, हे पाहावे. पण आधी मोजपट्टी पाहावी.

याहून गंभीर प्रश्न आहे तो जिवाचा. निद्रानाश असलेल्या नैराश्याच्या रुग्णांत आत्महत्येचे विचार अधिक असतात, हे पुष्कळ पाहण्यांत आले आहे. मग झोप दिली तर ते विचार कमी होतील का? वॉन मॅककॉल आणि सहकाऱ्यांनी असे विचार येणारे १०३ रुग्ण घेऊन झोल्पिडेम आणि प्लासिबो यांची तुलना केली. २०१९ साली निकाल आला. निद्रानाश कमी झाला. आत्महत्येच्या विचारांच्या मुख्य मोजपट्टीवर लक्षणीय फरक पडला नाही; दुसऱ्या एका मोजपट्टीवर थोडा पडला. संशोधकांनीही अशा रुग्णांना सरसकट झोल्पिडेम द्या, असे म्हटले नाही. ज्याच्या मनात असे विचार आहेत त्याच्या उशाशी गोळ्यांची बाटली असणे हाच एक धोका असतो. बार्बिट्युरेट गटातली जुनी झोपेची औषधे याच कारणाने मागे पडली. आजची औषधे त्या मानाने सौम्य आहेत, पण दारूबरोबर घेतली तर तितकी सौम्य राहत नाहीत.

इथवर वाचून कोणी म्हणेल, गोळ्यांवर एवढी टीका करता, मग बिनगोळीचा उपाय सांगा. तोही तपासू. निद्रानाशावर विचार-वर्तन उपचार नावाची एक पद्धत आहे. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, पडून तळमळत राहायचे नाही, अंथरुणातला वेळ प्रत्यक्ष झोपेइतकाच ठेवायचा आणि मग तो हळूहळू वाढवायचा, उठण्याची वेळ रोज तीच, शिवाय ‘आज झोप नाही लागली तर उद्याचे काय’ या धास्तीवर बोलायचे. असा तो काही आठवड्यांचा कार्यक्रम असतो. नुसत्या निद्रानाशावर हा उपाय चांगला ठरला आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ साली आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली तोच पहिला उपाय म्हणून सुचवला. नैराश्यात काय? रेचल मॅनबर यांनी २००८ साली ३० रुग्णांवर प्रयोग केला. एस्सिटालोप्रामच्या जोडीला हा कार्यक्रम मिळालेल्यांत ६१.५ टक्के बरे झाले, दुसऱ्या गटात ३३.३ टक्के. जवळजवळ दुप्पट! मग त्यांनीच इतरांसह १५० रुग्णांवर तो पुन्हा केला. २०१६ साली आकडे आले ४४ आणि ३६, आणि हा फरक योगायोगाने पडण्याइतका लहान होता. तीस माणसांवर दिसलेला डोळे दिपवणारा फरक दीडशेवर विरून गेला. नाणे दहा वेळा उडवले तर सात वेळा छापा येणे नवलाचे नाही, शंभर वेळा उडवून सत्तर वेळा येणे नवलाचे आहे. हा धडा वर्गात पाच मिनिटांत शिकवता येतो, पण संशोधनात तो पुन्हा पुन्हा शिकावा लागतो.

अलीकडच्या प्रयोगांत एक सुधारणा दिसते. मेंदूतल्या ओरेक्सिन या जागे ठेवणाऱ्या रसायनाचे काम अडवणारे सेल्टोरेक्संट हे औषध निद्रानाशासह नैराश्य असलेल्यांत तपासले गेले. तेथे दुसरी सूची वापरली: दहा बाबी, ६० गुण, त्यांत झोपेचे ६. २०२४ साली कंपनीने निकाल जाहीर करताना झोपेची बाब वगळूनही प्लासिबोपेक्षा फरक दिसला, असे सांगितले. झोपेचे गुण वगळण्याचे आधीच ठरवून प्रयोगाला बसणे, हीच आमच्या मते योग्य दिशा. थकवा आणि चिडचिड यांचा प्रश्न मात्र तेथेही शिल्लक आहे.

आतापर्यंत आपण फक्त नैराश्याबद्दल बोललो. मनःस्थितीच्या विकारांत दुसरा मोठा विकार येतो तो द्विध्रुवी. यात माणूस कधी नैराश्यात बुडतो, तर कधी उन्मादात, म्हणजे अतिउत्साहाच्या, बेफाम आत्मविश्वासाच्या अवस्थेत जातो. येथे झोपेचे नाते वेगळेच आहे. नैराश्याच्या रुग्णाला एक रात्र पूर्ण जागे ठेवले तर निम्म्याहून अधिक जणांचे मन दुसऱ्या दिवशी चक्क हलके होते! १९७१ साली जर्मनीत फ्लूग आणि ट्योले यांनी याचा पद्धतशीर अभ्यास मांडला आणि नंतर तो अनेकांनी पडताळला. पुढची झोप झाली की बहुतेकांचे नैराश्य परत येते, कधीकधी दुपारच्या डुलकीनेसुद्धा. ‘झोप म्हणजे नैराश्यावरचे औषध’ या साध्या समीकरणात ही गोष्ट बसत नाही. आणि द्विध्रुवी रुग्णात जागरण हे हलकेपणावर थांबत नाही; त्यातून उन्माद भडकू शकतो. अमेरिकेतल्या थॉमस वेहर यांनी १९८७ साली असा विचार मांडला की, प्रवास, बाळंतपण, दुःखद बातमी, औषध अशा अनेक वाटांनी येणारा उन्माद शेवटी झोप कमी होण्याच्या एकाच दारातून आत येतो.

म्हणून या रुग्णांत झोप सांभाळणे हा चैनीचा भाग नाही, उपचाराचाच आहे. उन्माद चढत असताना काही दिवस झोपेचे औषध देणे डॉक्टरांना आवश्यक वाटते, आणि ते बरोबर आहे. धोका आहे तो अर्धवट निदानात. नैराश्यावरची जी औषधे गुंगी आणतात, उदाहरणार्थ ॲमिट्रिप्टिलीन, ट्रॅझोडोन किंवा मिर्टाझापीन, ती कमी मात्रेत झोपेसाठी सर्रास दिली जातात. रुग्णाला पूर्वी कधी उन्माद येऊन गेला आहे हे न विचारता ती दिली तर उन्माद उलटण्याचा संभव असतो. मात्रा कमी असली तर संभव कमी, पण विचारायला हवेच. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा वर सांगितलेला उपायही येथे जपून वापरावा लागतो, कारण तोही सुरुवातीला जागरणच घडवतो. ॲलिसन हार्वी यांनी तसा बदल करून ५८ द्विध्रुवी रुग्णांवर तो वापरला. २०१५ सालच्या त्यांच्या निबंधात, पुढच्या सहा महिन्यांत विकार उलटलेल्यांचे प्रमाण १३.६ टक्के होते, तुलनेच्या गटात ४२.१ टक्के. आकडा मोहक आहे. पण माणसे ५८ आहेत, आणि तीसवरून दीडशेवर गेल्यावर काय झाले ते आपण आताच पाहिले.

शेवटी आपल्याकडच्या एका सवयीबद्दल. आपल्या देशात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत मिळतात आणि ती गोळी भरपूर खपते. क्लोनाझेपाम हे बेन्झोडायझेपिन गटातले, गुंगी आणणारे औषध. ते पहिल्या रात्रीच काम करते. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते चार आठवडे आणि कधी त्याहून अधिक लागतात. साहजिकच रुग्णाला जाणवतो तो क्लोनाझेपामचा गुण, आणि गोळी चांगली असे तो म्हणतो ते त्याच्याच जोरावर. नैराश्यावरच्या औषधाला बेन्झोडायझेपिनची जोड देण्यावरचे १० प्रयोग, ७३१ रुग्ण, २०१९ सालच्या एका आढाव्यात एकत्र पाहिले गेले. पहिल्या चार आठवड्यांत जोडीचा फायदा दिसला. त्यानंतर दिसला नाही.

म्हणजे एक औषध चार आठवड्यांत आवरते घ्यायचे आणि दुसरे, रुग्ण बरा झाल्यावरही सहा महिने किंवा अधिक चालू ठेवायचे. दोन्ही एकाच गोळीत असतील तर हे करणार कसे? गोळी चालू ठेवली तर क्लोनाझेपामची सवय जडते. बंद केली तर एस्सिटालोप्रामही बंद होते. आणि एकदम बंद केली तर झोप पूर्वीपेक्षा वाईट होते, हातपाय कापतात, क्वचित झटकेही येतात. झोप उडालेली पाहून घरचे म्हणतात, ‘बघा, आजार परत आला’, आणि गोळी पुन्हा सुरू होते. खरे तर आजार परत आलेला नसतो, औषध अंगातून जात असते. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ सालापासून आपल्याकडे वेगळ्या अनुसूचीत आहेत. औषध विक्रेत्याने त्यांच्या चिठ्ठीची नोंद ठेवायची असते. पण जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन् महिने तीच गोळी आणणारी माणसे शिक्षकांच्या खोलीतही सापडतील.

अशी गोळी घेणाऱ्या कोणीही हा लेख वाचून ती आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांकडे जाऊन दोन्ही औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून मागता येतात. ती तशी मिळतात, आणि मग क्लोनाझेपाम काही आठवड्यांत पायरीपायरीने उतरवून एस्सिटालोप्राम तेवढेच पुढे चालू ठेवणे डॉक्टरांना शक्य होते.